टोळीच्या आधीचे गाव

1982 च्या जानेवारीत मुंबईत दोन घटना एका आठवड्याच्या अंतराने घडल्या. सोमवार, 11 जानेवारीच्या दुपारी वडाळ्याच्या आंबेडकर महाविद्यालयापाशी पोलिसांनी मनोहर अर्जुन सुर्वे ऊर्फ मन्या सुर्वे याला गोळ्या घातल्या. पुढच्या सोमवारी, 18 जानेवारीला डॉ. दत्ता सामंत यांच्या नेतृत्वाखाली गिरणी कामगारांचा संप सुरू झाला आणि सुमारे अडीच लाख कामगारांनी काम थांबवले. पहिल्या घटनेवर मोठ्या नटांचा चित्रपट निघाला, दुसरी पडद्यावर क्वचितच आली. रत्नागिरी जिल्ह्याला मात्र या दोन घटना वेगवेगळ्या करता येत नाहीत. मन्या मूळचा रत्नागिरीजवळच्या रनपारचा. आणि त्या संपात उतरलेल्या कामगारांच्या घरी भात लावणारी, मनीऑर्डरची वाट पाहणारी माणसे याच जिल्ह्यातल्या वाड्यावाड्यांवर होती.

टोळ्यांच्या गोष्टी सांगणाऱ्या मालिका आणि चित्रपट हा या पुस्तकाचा विषय. या गोष्टी दोन खांबांवर उभ्या असतात. एक टोळीतली निष्ठा आणि दुसरे त्या निष्ठेला छेद देणारे प्रेम. जगभरचे लेखक या दोन धाग्यांतून नाट्य विणत आले आहेत. मला हे नाट्य मनापासून आवडते आणि म्हणूनच त्याच्याकडून अधिक अपेक्षा आहे. पडद्यावरच्या टोळीत जी निष्ठा दिसते ती टोळीने निर्माण केलेली नसते, ती गावाकडून उसनी घेतलेली असते, असे मला या पुस्तकात मांडायचे आहे. मुंबईपुरते बोलायचे तर या उसनवारीतला मोठा हिस्सा कोकणाचा आहे. कथा उसनवारी दाखवते आणि सावकाराचे नाव मात्र गाळते.

ही निष्ठा कुठून आली हे समजायला शंभर-सव्वाशे वर्षे मागे जावे लागते. रत्नागिरी जिल्हा तेव्हा आजच्या सिंधुदुर्गाच्या मोठ्या भागासह एकच होता, तो विभागला गेला 1 मे 1981 रोजी. डोंगरउताराची जमीन, भाताची थोडकी खाचरे, बाकी नाचणी आणि वरी, आणि या सगळ्यावर खोताचा, म्हणजे गावचा सारा वसूल करणाऱ्याचा, वाटा. खोती पद्धतीविरुद्ध डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी 1937 मध्ये मुंबईच्या विधिमंडळात विधेयक आणले. त्यांचे मूळ गाव आंबडवे याच जिल्ह्यातल्या मंडणगड तालुक्यातले. कायद्याने खोती संपली ती 1949 नंतर. तोवर कुळाच्या मुलाला पोट भरण्याचा एक रस्ता ठरलेला होता: बंदरावरून बोट पकडायची आणि भाऊच्या धक्क्यावर उतरायचे. 1911 च्या जनगणनेत मुंबईच्या गिरणी कामगारांपैकी जवळपास निम्मे रत्नागिरी जिल्ह्यात जन्मलेले होते.

हा चाकरमानी मुंबईत एकटा राहत नसे. गावच्या नावाने खोली असे आणि त्या एका खोलीत वीस-पंचवीस पुरुष राहत. रात्रपाळीवरून आलेला माणूस दिवसपाळीला गेलेल्याच्या जागेवर आडवा होई. महिन्याची वर्गणी ठरलेली, आजाऱ्याला गावी पोहोचवण्याचा खर्च गावच्या मुंबईतल्या मंडळाचा, नवीन आलेल्या पोराला गिरणीत चिकटवण्याची जबाबदारी गाववाल्याची. कोणी मेला तर वर्गणी काढून त्याच्या घरी पैसे पाठवत. गावची देवळे, शाळा, पाखाड्या या मुंबई मंडळांच्या पैशांतून उभ्या राहिल्या. शिमग्याला पालखी नाचवायला आणि गणपतीला आरतीला उभे राहायला माणूस रजा टाकून, प्रसंगी नोकरी घालवून गावी जाई. यात कुणी कुणाला शपथ घातलेली नव्हती. तरीही ही निष्ठा पोलादी होती, कारण तिच्यावाचून मुंबईत एक महिनाही काढता येत नसे.

टोळी याच मातीत उगवली. सुरुवातीला वस्तीचा दादा होता. तो व्यायामशाळा चालवी, उसने पैसे देई, घरमालकाशी भांडे, संपात कधी कामगारांच्या बाजूने तर कधी मालकाच्या बाजूने लाठी उचले. त्याच्याभोवतीची पोरे गावाने किंवा वाडीने त्याच्याशी जोडलेली असत. पुढे दारूबंदीच्या काळातली हातभट्टी, मग मटका, मग तस्करीचे सोने आणि जमिनींचे व्यवहार, असा पैसा वाढत गेला आणि दादाचा भाई झाला. नात्याची भाषा तीच राहिली, तिच्यातला व्यवहार बदलला. खोलीतली वर्गणी आजाऱ्यासाठी होती, भाईचा हप्ता भीतीसाठी होता. गाववाल्याचा शब्द म्हणजे नोकरीची हमी होती, भाईचा शब्द म्हणजे सुपारी. हा बदल होताना पोराला तो जाणवत नसे, कारण हाक मारणारा आवाज ओळखीचा असे. टोळीची खरी ताकद इथे आहे आणि चांगल्या मालिकेला नाट्य सापडते तेही इथेच.

1982 चा संप अधिकृतपणे मागे घेतला गेलाच नाही. गिरण्या एकामागून एक बंद पडत गेल्या. बापाची पाळी गेली आणि त्याबरोबर पोराला कामावर चिकटवण्याची गाववाल्याची ताकदही गेली. खोली राहिली, तिच्यातली हमी संपली. जयंत पवार यांनी ‘अधांतर’ या नाटकात संपानंतरचे असेच एक घर उभे केले. त्यातला एक मुलगा टोळीकडे ओढला जातो. महेश मांजरेकरांनी 2010 मध्ये त्यावरून ‘लालबाग परळ’ काढला. माझ्या मते या विषयावरचे मराठीतले सर्वांत सच्चे लेखन ‘अधांतर’ आहे, कारण त्यात टोळी मध्यभागी नाही. मध्यभागी आई आहे, बंद गिरणी आहे आणि कुणाकडे बघून जगायचे ते न कळणारी मुले आहेत.

आता मन्या सुर्वेकडे वळू. त्याचा जन्म 1944 चा. तो दादरच्या कीर्ती महाविद्यालयाचा पदवीधर होता आणि ही गोष्ट त्याच्या प्रत्येक चरित्रात ठळकपणे येते, जणू पदवीने गुन्हा अधिक रंगतदार होतो. 1969 मधल्या एका खुनाच्या खटल्यात त्याला जन्मठेप झाली आणि तो येरवड्याला गेला. तिथल्या मारामाऱ्यांमुळे त्याला रत्नागिरीच्या तुरुंगात हलवण्यात आले. तिथे त्याने उपोषण केले, वजन घटले, म्हणून त्याला शहरातल्या सरकारी रुग्णालयात दाखल केले, आणि 14 नोव्हेंबर 1979 रोजी पहाऱ्यातून निसटून तो मुंबईला पळाला. पुढची दोन-सव्वादोन वर्षे दरोडे, हल्ले, बँकेची लूट यांत गेली. शेवट वडाळ्याला झाला. इसाक बागवान आणि राजा तांबट हे त्या कारवाईतले अधिकारी. मुंबई पोलिसांची पहिली नोंदलेली चकमक म्हणून ती ओळखली जाते आणि पुढच्या दोन दशकांत जे ‘चकमकींचे पर्व’ आले त्याची सुरुवात तिथून सांगितली जाते.

2013 च्या ‘शूटआउट अॅट वडाळा’मध्ये जॉन अब्राहमने मन्या साकारला. एस. हुसेन झैदी यांच्या ‘डोंगरी टू दुबई’ या पुस्तकाचा आधार त्याला होता. पडद्यावरचा मन्या रुबाबदार आहे, त्याचे संवाद टाळ्या घेतात. माझे मन मात्र रत्नागिरीच्या प्रसंगाशी अडखळते. जन्मठेपेचा कैदी फिरून आपल्याच जिल्ह्यात येतो. त्याचे गाव शहरापासून फार दूर नाही. तो पळतो, पण गावाकडे वळत नाही, मुंबईची वाट धरतो. या एका निर्णयात एका माणसाचे सगळे तुटलेपण आहे. ज्या गावाच्या नावाने त्याच्या आधीच्या पिढ्या मुंबईत एकमेकांना ओळखत होत्या, ते गाव त्याच्यासाठी आता लपण्याच्या जागेइतकेही उरले नव्हते. एखाद्या लेखकाने या निर्णयासाठी मालिकेचा एक अख्खा भाग द्यावा, इतके त्यात आहे.

जिल्ह्याच्या दुसऱ्या टोकाला, खेड तालुक्यात मुंबके आहे. इब्राहिम कासकर तिथले. ते मुंबई पोलिसांत हेड कॉन्स्टेबल होते आणि पुढे टोळीचा म्होरक्या झालेला दाऊद व साबीर हे त्यांचे मुलगे. रनपार आणि मुंबके या एकाच जिल्ह्यातल्या दोन गावांचे धागे मुंबईत एकमेकांविरुद्ध उभे राहिले. 12 फेब्रुवारी 1981 रोजी प्रभादेवीच्या पेट्रोल पंपावर साबीरचा खून झाला. त्या हल्ल्यात या भावांच्या वैरी पठाण टोळीबरोबर मन्या सुर्वे होता, असे त्या काळावरच्या बहुतेक लेखनात येते. त्यानंतर अकरा महिन्यांत मन्या मारला गेला. सुडाचे ते चक्र पुढे कित्येक वर्षे फिरत राहिले आणि दाऊदचे नाव पुढे 12 मार्च 1993 च्या मुंबईतल्या बॉम्बस्फोटांशी जोडले गेले. त्या एका दिवशी 257 माणसे गेली. टोळीच्या निष्ठेची गोष्ट सांगताना हा आकडा विसरण्याचा अधिकार कोणत्याही कथाकाराला नाही.

कासकरांच्या घरातले नाट्य 2023 मध्ये ‘बंबई मेरी जान’ या मालिकेने घेतले. नावे बदलली: बाप इस्माईल कादरी झाला, मुलगा दारा. के. के. मेनन यांनी साकारलेला तो प्रामाणिक पोलीस बाप या मालिकेचा आत्मा आहे. गणवेशाशी इमान राखायचे की मुलाशी, हा त्याचा पेच. टोळीतल्या कुठल्याही निष्ठेपेक्षा तो खोल आहे, कारण त्याच्याकडे कुठल्याही बाजूला जाण्याची सोय नाही. या पुस्तकात त्या बापासाठी स्वतंत्र प्रकरण आहे. मुंबई पोलिसांत शिपाई म्हणून भरती होणे हाही कोकणातल्या हिंदू-मुसलमान घरांचा जुना मार्ग होता. एकाच जिल्ह्याने मुंबईला गिरणी कामगार दिला, शिपाई दिला आणि गुंडही दिला. तिघेही कधीकाळी एकाच बोटीच्या डेकवर बसून आले असतील, हे लक्षात ठेवले की गोष्ट भडक राहत नाही, ती माणसांची होते.

प्रेमाचा धागा तपासला की एक अस्वस्थ करणारी गोष्ट दिसते. साबीर मारला गेला तेव्हा त्याच्याबरोबर मैत्रीण होती. मन्या वडाळ्याला आला तोही मैत्रिणीला भेटायला, असे सांगितले जाते. दोन्ही ठिकाणी प्रेमाने शत्रूला जागा आणि वेळ पुरवली. पडद्याने हे सूत्र उचलले आणि पक्के केले. रामगोपाल वर्मांच्या ‘सत्या’मध्ये (1998) सत्या शेवटी विद्याच्या बंद दारापाशी पोलिसांच्या गोळीने पडतो. त्या चित्रपटाची महती अशी की दाराच्या आतल्या बाईचा आकांतही आपल्याला दिसतो. तिला ठाऊकच नव्हते की ती कुणावर प्रेम करत होती. शेफाली शाहची प्यारी तर आपल्या टोळीवाल्या नवऱ्याशी, भिकू म्हात्रेशी, बरोबरीने भांडते, त्याच्यावर हात उगारते, त्याच्याबरोबर हसते, आणि टोळीवाल्याच्या घरात रोजचा संसारही असतो हे ती आपल्याला दाखवते. त्यानंतरच्या कितीतरी कथांत बाई फक्त पत्ता उरली: तिच्या घरी नायक येणार, तिथे पोलीस किंवा वैरी दबा धरून बसणार. तिला मालिकेने काय विचारले? तिच्या भावाला नोकरी कुणी दिली, नायक गेल्यावर वस्तीत तिला कुणी राहू दिले, तिच्या मुलाच्या शाळेच्या दाखल्यावर बापाचे नाव कोणते लागले? यातल्या प्रत्येक प्रश्नावर एक मालिका उभी राहील.

गिरणगावात बायकांची स्वतःची निष्ठाही होती आणि तिचा इतिहास उपलब्ध आहे. खोलीत राहणाऱ्या पुरुषांना दोन वेळ जेवू घालणाऱ्या खानावळवाल्या बायका कर्ज काढून चूल पेटती ठेवत. सावकाराच्या विळख्यातून त्यांना सोडवायला प्रेमा पुरव यांनी 1975 मध्ये अन्नपूर्णा महिला मंडळ उभे केले. अशा बायकांच्या वस्तीतून भाईची टोळी रोज जात-येत होती. पडद्यावरच्या गल्लीत मात्र त्या पार्श्वभूमीलाच दिसतात, बहुतेकदा गोळीबार सुरू झाल्यावर दारे लावून घेण्यापुरत्या.

महेश मांजरेकरांच्या ‘वास्तव’मध्ये (1999) आई मध्यभागी आली. रीमा लागूंनी साकारलेली ती आई शेवटी स्वतःच्या मुलाला गोळी घालते. रघूचे आडनाव शिवलकर, कानाला थेट कोकणातले. पावभाजीच्या गाडीपासून टोळीपर्यंतचा त्याचा प्रवास आपण पाहतो, पण शिवलकरांचे गाव कुठले, त्या घरचा गणपती कुठे बसतो, मुलाचे नाव वर्तमानपत्रात आल्यावर त्या वाडीत काय झाले, हे चित्रपट विचारत नाही. आडनावे पडद्यावर पोहोचली, गावे वेशीबाहेर राहिली.

मालिकांच्या लांबीने हा प्रश्न अधिक गंभीर केला आहे. अडीच तासांच्या चित्रपटात प्रेक्षक गुंडाकडे पाहतो. आठ-दहा भागांच्या मालिकेत तो त्याच्याबरोबर राहतो, त्याची गुपिते सांभाळतो, गुंडावर वार होणार हे गुंडाच्या आधी प्रेक्षकाला कळते. हळूहळू प्रेक्षक स्वतःच टोळीचा माणूस होतो, आणि चौथ्या-पाचव्या भागात फितुराला गोळी लागते तेव्हा त्याला दिलासा वाटतो. ही या प्रकाराची विलक्षण ताकद आहे आणि तीच त्याची जबाबदारी. नेपल्सच्या टोळ्यांवरची ‘गोमोरा’ ही इटालियन मालिका प्रेक्षकाला असे जवळ घेते आणि मग सुटकेची एकही खिडकी उघडी ठेवत नाही. ‘पीकी ब्लाइंडर्स’ बर्मिंगहॅमच्या शेल्बी कुटुंबाला पहिल्या महायुद्धाच्या जखमांशी जोडते, त्यामुळे त्यांच्या क्रौर्यामागचा काळ दिसतो. आपल्याकडे 2018 मध्ये आलेल्या ‘सेक्रेड गेम्स’मध्ये गणेश गायतोंडेची ऐट गाजली, पण मराठी प्रेक्षकाच्या मनात घर केले ते जितेंद्र जोशींच्या काटेकर हवालदाराने. साहेबावर विश्वास, घरी बायको-मुले, हातात तुटपुंजी साधने. त्याचा मृत्यू लोकांना टोळीतल्या कुठल्याही मृत्यूपेक्षा जास्त लागला. साध्या माणसाची निष्ठा पडद्यावर टिकते, तिच्यात नाट्य आहे, याचा यापेक्षा चांगला पुरावा मला माहीत नाही.

कोकण पडद्यावर येते तेव्हा वेगळ्याच वेषात येते. 2016 मध्ये झी मराठीवर सुरू झालेल्या ‘रात्रीस खेळ चाले’ने सिंधुदुर्गातला वाडा, भाऊबंदकी, जमिनीचा वाद आणि भुताटकी यांची गोष्ट सांगितली आणि घराघरांत पाहिली गेली. म्हणजे कोकणच्या घरातली भीती, वैर आणि लोभ मराठी प्रेक्षकाला पाहायचा आहे, हे सिद्ध झाले. मुंबईची टोळी आणि कोकणातले घर यांना एकाच कथेत आणण्याचे धाडस मात्र अजून पुरेसे झालेले नाही. गुन्हा मुंबईचा आणि भूत कोकणचे, अशी वाटणी आपण करून ठेवली आहे.

या वाटणीची किंमत गावे मोजतात. मुंबकेतल्या कासकर कुटुंबाच्या जमिनी सरकारने जप्त करून लिलावात काढल्या. जानेवारी 2024 च्या लिलावात तिथल्या एका लहानशा तुकड्याची राखीव किंमत 15,440 रुपये होती आणि त्याला 2 कोटी 1 लाख रुपयांची बोली लागली. शेतजमिनीला असा भाव येत नाही, हा भाव नावाला आला. ते गाव मात्र आंबा-काजू लावणाऱ्या, मुलांना शिकवणाऱ्या, बाहेर कमावून घरी पैसे पाठवणाऱ्या माणसांचे आहे. बातमीदार येतात आणि एकाच बंद घरापुढे कॅमेरा लावून परततात. मालिकांनी गाव दाखवले नाही, म्हणून बातमीने जे दाखवले तेवढेच गाव उरले.

पुस्तकाची मांडणी याच विचारातून ठरली. पहिल्या भागात जिल्ह्यातून मुंबईला गेलेल्या माणसांचा आणि त्यांच्या खोल्यांचा इतिहास आहे. दुसऱ्यात दादाचा भाई कसा झाला ते आहे. तिसऱ्या आणि सर्वांत मोठ्या भागात चित्रपट-मालिका एकेक करून वाचल्या आहेत आणि प्रत्येकीला तीन प्रश्न विचारले आहेत. या मुलाची टोळीच्या आधी निष्ठा कुणाशी होती? त्याच्या प्रेमाचा हिशेब शेवटी कुणी चुकता केला? आणि ज्याला गोळी लागली त्याच्या घरी कथा एकदा तरी गेली का? मालिका कितीही देखणी असो, या तीन प्रश्नांना तिच्याजवळ उत्तर नसेल तर ती टोळीची जाहिरात ठरते, असे मी स्पष्टपणे लिहिले आहे.

हे पुस्तक मालिका पाहणाऱ्या सगळ्यांसाठी आहे, पण लिहिताना माझ्या डोळ्यांपुढे रत्नागिरी, चिपळूण, खेड, राजापुरातली लिहू पाहणारी मुले-मुली होती. नाट्यस्पर्धांना संहिता लिहिणारे, नमन-जाखडीचे फड गाजवणारे, संगमेश्वरी बोलीत झकास संवाद रचणारे तरुण इथे आहेत. टोळीची गोष्ट लिहायला त्यांनी डोंगरी किंवा भायखळ्याची नक्कल करण्याची गरज नाही. आपल्या वाडीतल्या म्हाताऱ्यांना मुंबईची खोली विचारावी, संपात परतलेल्या काकांना विचारावे, मनीऑर्डर थांबल्यावर घर कसे चालवले ते आजीला विचारावे. मुलगा वाट चुकला तेव्हा कोण त्याला परत आणायला गेले आणि कोणी दार लावून घेतले, हेही विचारावे. त्यातून जी कथा येईल तिच्यात रक्तही असेल, प्रेमही असेल आणि दगाही. शिवाय तिच्यात ते सगळे असेल जे आजवरच्या मालिकांनी वगळले.

निष्ठा हा टोळीचा शोध नव्हे. या जिल्ह्यातल्या माणसांनी ती परक्या शहरात, उपाशीपोटी, हत्याराशिवाय पिढ्यानपिढ्या पाळली आहे. तिच्यावर पहिला हक्क त्यांचा आहे, आणि पडद्यावरही तो त्यांना मिळाला पाहिजे.